प्रोसेसरचा वेग आणि उष्णतेचा हिशेब

संचलनात ढोलाच्या ठोक्यावर सर्वांची पावले एकदम पडतात. संगणकाच्या प्रोसेसरमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टरही असेच एका घड्याळाच्या ठोक्यावर काम करतात. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधील वेळ अवघा पाव नॅनोसेकंद. एवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हे ठोके जलद करणे म्हणजे 'ओव्हरक्लॉकिंग'. अनेकांना त्याची हौस असते. पण ही हौस करण्यापूर्वी तिचा हिशेब मांडता आला पाहिजे.

उष्णता येते कोठून?

ट्रान्झिस्टर हा एक स्विच आहे. त्याची उघडझाप होताना एक अतिसूक्ष्म धारित्र भरते व रिकामे होते. धारित्रातील ऊर्जा विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. ही ऊर्जा प्रत्येक वेळी उष्णतेत जाते. म्हणून,

शक्ती ∝ धारिता × (विद्युतदाब)² × वारंवारता

आता असे समजा, की एक प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झ व १.२० व्होल्टवर १०० वॅट उष्णता देतो. केवळ वारंवारता १० टक्के वाढवली, तर उष्णता ११० वॅट होईल. परंतु ठोके जलद झाले, की धारित्र भरायला कमी वेळ मिळतो. ते वेळेत भरावे यासाठी विद्युतदाब वाढवावा लागतो. तोही १० टक्के वाढवला, तर १.१ × १.१ × १.१ = १.३३१, म्हणजे सुमारे १३३ वॅट! वेग दहा टक्के, उष्णता तेहतीस टक्के. दोन्ही २० टक्के वाढवले, तर उष्णता १७३ वॅटवर जाते. हेच गणित उलट करा. दोन्ही १० टक्के घटवले, तर ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे वेग थोडा गेला, पण उष्णता पावभराहून अधिक कमी झाली. वेगाचा शेवटचा थोडासा भाग सर्वांत महाग पडतो, तो असा.

१९९८ मध्ये जमले, ते आज का जमत नाही?

इंटेल कंपनीचा 'सेलेरॉन ३००ए' हा प्रोसेसर १९९८ मध्ये आला. मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ व गुणक साडेचार, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. हौशी मंडळींनी मूळ ठोका १०० केला आणि पुष्कळांचे प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर सुरळीत चालले. वेग एकदम दीडपट! यात जादू नव्हती. त्याच वर्षी तशाच निर्मिती-प्रक्रियेने बनलेला 'पेंटियम २' ४५० मेगाहर्ट्झवर विकला जात होता. स्वस्त प्रोसेसरमध्येही ती क्षमता होती, फक्त वापरलेली नव्हती. आजचे प्रोसेसर तापमान व शक्ती पाहून आपला वेग स्वतःच मर्यादेपर्यंत नेतात. त्यामुळे शिल्लक राहिलेला वाव बेताचाच असतो.

उष्णता जाते कोठे?

१०० वॅट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. परंतु २ चौरस सेंटिमीटरच्या चकतीतून त्या बाहेर पडतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५० वॅट. कपड्यांच्या १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर असतो. तेथे हा आकडा ५ वॅट येतो. म्हणून उष्णता तांब्याच्या तळात घेऊन पातळ पत्र्यांवर पसरावी लागते आणि पंख्याने हवेत सोडावी लागते.

प्रोसेसर व तांबे यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी मध्ये सूक्ष्म फटी राहतात. त्यांतील हवेची उष्णतावाहकता ०.०२६, तर तांब्याची सुमारे ४०० वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. ही हवा घालवण्यासाठी उष्णतावाहक लेप लावतात. पण लेपाची वाहकता तांब्याहून कितीतरी कमी असते. म्हणून थर पातळच हवा. जाड थर अडथळाच ठरतो.

प्रोसेसरपासून हवेपर्यंतचा 'उष्णतारोध' वॅटमागे ०.४ अंश आहे असे धरा. १०० वॅटला तापमान खोलीपेक्षा ४० अंश चढेल. खोली २५ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ६५ अंशांवर राहील. १३३ वॅटला तो ७८ अंशांवर जाईल. पण मे महिन्यात विदर्भातील खोलीत ४० अंश असतील, तर तोच प्रोसेसर ९३ अंशांवर पोचेल! बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे कमावलेला वेग पुन्हा गेलाच.

करायचेच असेल, तर

१. पालकांची परवानगी घ्या. शाळेच्या संगणकावर हा प्रयोग नको. हमी रद्द होऊ शकते, हे ध्यानात ठेवा. महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी काढा.

२. वीजजोडणी काढून पंखा व पत्रे यांवरील धूळ साफ करा. पुष्कळदा एवढ्यानेच तापमान उतरते.

३. नेहमीच्या वेगावर अर्धा तास जड आकडेमोड चालवून तापमान लिहून ठेवा. खोलीचे तापमानही लिहा.

४. गुणक एका पायरीनेच वाढवा. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ असेल, तर ४० ऐवजी ४१. गुणक बदलण्याची सोय सर्वच प्रोसेसरमध्ये नसते. विद्युतदाबाला हात लावू नका. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा अर्धा तास चाचणी घ्या.

५. तापमान ८५ अंशांपुढे गेले किंवा एकही चूक आढळली, तर एक पायरी मागे या व तेथेच थांबा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. संगणक बंद पडला, तर निदान चूक कळते. परंतु एखादा ट्रान्झिस्टर ठोक्याला उशिरा पोचला, तर संगणक चालू राहूनही चुकीचे उत्तर देऊ शकतो किंवा साठवलेली फाईल बिघडवू शकतो. आणि ते कोणाला कळतही नाही. जलद मिळालेले चुकीचे उत्तर कशाच्याही कामाचे नाही.

स्वतः सोडवा

(१) वारंवारता तीच ठेवून विद्युतदाब १.२० वरून १.०८ व्होल्ट केला, तर १०० वॅटऐवजी किती वॅट उष्णता निर्माण होईल?

(२) १७३ वॅट, खोली ४० अंश व उष्णतारोध ०.४ असता प्रोसेसरचे तापमान किती व्हावे? प्रत्यक्षात ते तेवढे का होणार नाही?

(३) २५ अंशांच्या खोलीत १७३ वॅटचा प्रोसेसर ८५ अंशांच्या आत ठेवायचा, तर उष्णतारोध जास्तीत जास्त किती चालेल?