बालपणीचा ज्वर, प्रौढाचे हृदय

कावासाकी हा रोग लहान मुलांचा मानला जातो आणि बहुतांशी ते खरेही आहे; सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षांखालील असतात. टोकियोतील रेड क्रॉस रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांच्या एका मुलात कोणत्याच परिचित रोगात न बसणारी लक्षणे पाहिली. अशा ५० मुलांचा वृत्तांत त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. आरंभी हा आपोआप उतरणारा ताप समजला गेला. पुढे काही मुले अकस्मात दगावली आणि शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत फुगवटे व गुठळ्या आढळल्या, तेव्हा रोगाचे खरे रूप कळले.

पाच दिवसांहून अधिक टिकणारा ताप, चिपडे न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालबुंद जीभ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, हातापायांना सूज आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नखांच्या कडेने निघणारी साल, ही त्याची लक्षणे. ती सगळी एकाच वेळी दिसतील असे नाही. सावळ्या त्वचेवर पुरळ सहज नजरेतून सुटतो. तान्ह्या मुलांत कधी बीसीजीच्या लसीची जुनी खूण लाल होते. आपल्याकडे ही लस जन्मतःच देतात, म्हणून ही खूण मोलाची.

प्रौढांत हा रोग अतिशय दुर्मीळ, आणि म्हणूनच तो ओळखला जाणे कठीण. त्यांच्यात सांधेदुखी, मानेतील गाठी व यकृताच्या तपासणीतील बिघाड अधिक आढळतात. एचआयव्हीबाधित प्रौढांतही त्याची नोंद झालेली आहे. पावसाळ्यात घाटकोपर वा अंधेरीच्या दवाखान्यात तापाने फणफणलेला तिशीतला माणूस आला, तर डॉक्टर प्रथम डेंग्यू आणि लेप्टोचाच विचार करणार, आणि ते योग्यच आहे. लेप्टोमध्येही डोळे असेच कोरडे लाल होतात. मात्र त्या तपासण्या निर्दोष आल्या, प्रतिजैविकांनी ताप हटला नाही, तर हृदयाची इकोची तपासणी मागण्यास संकोच का करावा?

उपचाराला मुदत आहे. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास धमन्यांत फुगवटे होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आसपास येते. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ३० ग्रॅम, ६० किलोच्या प्रौढाला १२० ग्रॅम. औषध महाग, त्यामुळे मोठ्या माणसाच्या घरावर पडणारा भार चौपट! सोबत ॲस्पिरिन देतात, परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

२०२० मध्ये कोविडनंतर मुंबईतील मुलांत कावासाकीसारखी लक्षणे दिसू लागली आणि परळच्या वाडिया बालरुग्णालयाने असे रुग्ण हाताळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने प्रौढांतील अशा २७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हा आजार कावासाकीहून वेगळा ठरला, तरी 'हे तर मुलांचे दुखणे' ही समजूत त्याने ढिली केली.

प्रौढांबाबतचा दुसरा प्रकार अधिक चिंतेचा आहे. बालपणी न ओळखलेल्या रोगाने धमनीत राहिलेला फुगवटा वर्षानुवर्षे मुका राहतो आणि विशी-तिशीत, धूम्रपान वा मधुमेह नसतानाही, हृदयविकाराचा झटका आणतो. तेव्हा बालपणीच्या तापाचे कागद हाती नसतात. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येकांची दुखणी अधीक्षकांच्या वहीत किंवा आईच्या स्मरणातच उरली आहेत. 'दहा-बारा दिवस ताप उतरेना, नंतर बोटांची साल निघाली' असे आई कधी बोलली असेल, तर ते वाक्य हृदयरोगतज्ज्ञाला आवर्जून सांगावे, आणि लहानपणी इको झाला असल्यास त्याचा अहवाल लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवावा.