अंगणातील ओटा : मोजमापाचा एक पाठ

इयत्ता : सहावी व सातवी. विषय : गणित व कार्यानुभव.

शाळेच्या अंगणात ओटा असला म्हणजे वाचनास व गोष्टीस एक उघडी खोलीच लाभते. परंतु घाईने बांधलेला ओटा पावसाळ्यात खचतो, फरशी डगमगू लागते आणि मुलांना इजा होते. ओट्याचे बळ दिसणाऱ्या फरशीत नसून न दिसणाऱ्या पायात व भरावात असते, हे मुलांना स्वतः मोजून कळावे, हा या पाठाचा हेतू होय.

जागा : झाडाची सावली घ्यावी, मात्र बुंध्याशी भराव घालू नये. त्यामुळे साल कुजते व मुळांना हवा मिळत नाही. शाळेच्या भिंतीलाही ओटा चिकटवू नये; भरावातील ओल भिंतीत शिरते.

आखणी : ओटा ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद धरावा. एका कोपऱ्यापासून दोन्ही बाजू दोरीने आखून टोकांस खुंट्या ठोकाव्यात. खुंट्यांमधील अंतर ५ मीटर भरले, तर कोपरा काटकोनी झाला. कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदीच्या आखणीसाठी आला आहे, हे येथे सांगावे.

पाया व भराव : काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पायाचा चर मुरुमापर्यंत न्यावा. काळा थर फार खोल असल्यास जाणत्या गवंड्यास विचारावे. भरावही मुरुमाचाच असावा. १५ सेंटिमीटरांचा एकेक थर पसरून, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकावा.

हिशेब : चारही भिंती ३० सेंटिमीटर जाडीच्या असल्यास आतील लांबी ३.४ मीटर व रुंदी २.४ मीटर होते. पुष्कळ मुले जाडी एकदाच वजा करतात. अशा मुलास उत्तर न सांगता आखणीपाशी न्यावे. दोन्ही भिंतींवर हात ठेवताच चूक त्याची त्यालाच उमगते. भराव सरासरी ४० सेंटिमीटर उंच धरल्यास ३.४ × २.४ × ०.४ = ३.२६४ घनमीटर मुरूम लागेल. ठोकल्यावर मुरूम दबतो, म्हणून प्रत्यक्षात अधिक आणावा.

उतार : पाणी साचू नये म्हणून रुंदीच्या दिशेने दर मीटरास २ सेंटिमीटर उतार द्यावा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पाहावी.

कामाची वाटणी : चर खणणे, दगड उचलणे व धुम्मस चालविणे ही कामे मोठ्यांचीच. मोजणी, आखणी व हिशेब मुलामुलींनी करावा. मोजपट्टी नेहमी हुशार मुलाच्याच हाती जाते. ती प्रथम मागे बसणाऱ्यास द्यावी. फळ्यावरील गणितास भिणारे मूल दोरीने कोपरा साधते, तेव्हा त्याची भीती ओसरू लागते.

स्वाध्याय :
१. ओट्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती खाली येईल?
२. कर्ण ५ मीटर १० सेंटिमीटर भरल्यास कोपरा काटकोनापेक्षा मोठा की लहान?