धार कुठली, पाणी कुठलं?

मागच्या पावसाळ्यात आम्ही रूमवरचे चौघं कुरवंड्याहून नागफणीला गेलो. उतरताना धुकं आलं, वाट दिसेना. मी म्हटलं, "ओहोळ धरू, इंद्रायणी लागेल, मग आपलं वडगाव." तिघं माझ्या भरवशावर निघाले. दहा मिनिटांत समोर कोकणचा कडा! ओहोळ धारेपलीकडचा होता. त्याचं पाणी अरबी समुद्राला. इंद्रायणीचं भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला.

मित्रांनो, या धारेला जलविभाजक म्हणतात. देशांच्या सीमाही बऱ्याचदा अशाच धारेवरून जातात. ८५८६ मीटर उंचीचं कांचनजंगा घ्या. त्याच्या पाच शिखरांपैकी मुख्य, मध्य आणि दक्षिण ही तीन भारत-नेपाळ सीमेवर, दोन नेपाळात. पूर्वेच्या झेमू हिमनदीचं पाणी तिस्तेतून ब्रह्मपुत्रेला मिळतं. पश्चिमेचं तमोर, कोसीतून गंगेला. पुण्याच्या गिरिप्रेमीचे १० गिर्यारोहक २०१९ साली तिथे पोचले.

आपल्याला नागफणीच पुरे. पण धुक्यात ओहोळ धरण्याआधी तो कुठे वाहतोय ते होकायंत्रावर बघा. पश्चिमेला वाहत असेल, तर मुकाट्याने मागे फिरा. आमचं होकायंत्र त्या दिवशी सर्व्हेच्या लॅबमध्ये होतं.