विजेचे जपानी अक्षर

आकाशात चमकते ती वीज आणि दिवा पेटवते तीही वीजच. मराठीत दोहोंना एकच शब्द आहे. इंग्रजीतील ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द मात्र तृणमण्याच्या ग्रीक नावावरून आला. कारण घासलेला तृणमणी हलके कण ओढून घेतो. जपानी लोक विजेसाठी कोणते अक्षर लिहितात, ते आज पाहू.

चीनमधून जपानने घेतलेल्या अक्षरांना ‘कान्जी’ म्हणतात. विजेच्या कान्जीत १३ रेघा असतात. वरच्या ८ रेघा म्हणजे ‘पाऊस’. त्यात चार थेंबही दिसतात. हिम आणि ढग यांच्या अक्षरांतही हाच भाग डोक्यावर असतो.

खालच्या ५ रेघांत चार घरांची एक चौकट असून तिच्यातून उजवीकडे वळलेले शेपूट निघते. अशीच चौकट, शेपटाशिवाय, ‘शेत’ या अक्षराची असते. मग ‘शेतावर पाऊस पडताना वीज चमकते’ अशी फोड करावी काय? पाठांतराला ती सोयीची, पण खरी नव्हे. प्राचीन चिनी लेखांत हा भाग म्हणजे नागमोडी विजेचे चित्र होते. पुढे तो चौकटीसारखा झाला. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्यांचे मूळ एकच असे मानू नये. जुना पुरावा तपासावा लागतो.

या अक्षराचा मूळ अर्थ फक्त आकाशातील वीज. तीही विद्युतच आहे, हे १७५२ मध्ये फ्रँकलिनच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाने दिसून आले. पुढे १९ व्या शतकात हेच अक्षर विद्युतशास्त्रातही रूढ झाले.

आता उच्चार. कान्जीला बहुधा दोन प्रकारचे उच्चार असतात : एक चिनीवरून आलेला, दुसरा अस्सल जपानी. आपल्याकडे ‘जल’ आणि ‘पाणी’ आहेत ना, काहीसे तसेच. फक्त तेथे दोहोंना अक्षर एकच! पावसाचे अक्षर ‘उ’ असेही वाचतात आणि ‘आमे’ असेही. विजेच्या अक्षराचा मात्र चिनीवरून आलेला ‘देन्’ हाच उच्चार प्रचारात आहे.

‘देन्’ला ‘वा’ म्हणजे बोलणे जोडले, की ‘देन्वा’ : टेलिफोन. ‘ची’ म्हणजे तळे. ‘देन्ची’ म्हणजे विजेचे तळे, अर्थात बॅटरी. ‘शी’ म्हणजे मूल. सूक्ष्म कणांच्या नावांनाही ते जोडतात. म्हणून ‘देन्शी’ म्हणजे इलेक्ट्रॉन!

आता तुम्हीच सांगा : ‘शा’ म्हणजे गाडी, तर ‘देन्शा’ म्हणजे काय?