सैन्याचे सण आणि पंचांग

बंगळूरच्या चिकपेट भागात महानवमीस दुकानांतून व्यवसायाच्या साधनांची आयुधे म्हणून पूजा होते. दुसरा दिवस विजयादशमीचा. इ. स. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळच्या लष्करी जीवनात विजयादशमीस मोठे व्यावहारिक महत्त्व होते.

पावसाळ्यात नद्यांना पूर येत आणि घोडदळाची वाट चिखलाने बंद होई. म्हणून मराठी फौजा छावणीत राहत. दसऱ्यास शस्त्रपूजा व सीमोल्लंघन करून त्या मुलूखगिरीस निघत. शिवछत्रपतींच्या लष्कराची ही वहिवाट सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे.

येथे एक प्रश्न उद्भवतो. दसरा चंद्राच्या तिथीने येतो, पाऊस मात्र सूर्याच्या गतीने. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारे ३५४. म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ कमी. ही तूट भरून काढली नाही, तर सुमारे आठ-नऊ वर्षांत दसरा ऐन आषाढसरींत येईल आणि मुहूर्त पाळणारी फौज पुरात सापडेल. हे संकट अधिक मास टाळतो. १९ वर्षांत ७ अधिक मास धरल्याने दसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर ह्या मर्यादेतच राहतो.

रोमन लोकांसही हीच अडचण भासली. त्यांच्या जुन्या वर्षाचे दिवस ३५५ होते व अधिक मास नियमाने धरला जात नसे. गोंधळ इतका वाढला की, ज्यूलियस सीझरला इ. स. पूर्व ४६ चे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. त्यानंतर सौर दिनदर्शिका आली व सणांच्या तारखा ऋतूंशी जखडल्या गेल्या. युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपस येथे १९३१-३२ च्या उत्खननात एका रोमन पलटणीची सणावळी सापडली. ती इ. स. २२५ च्या सुमाराची आहे. तीत ३ जानेवारीचे नवस, २१ एप्रिलचा रोम नगरीचा जन्मदिन, मे महिन्यातील निशाणांना गुलाबमाळा घालण्याचा विधी आणि सम्राटांचे जन्मदिवस दिलेले आहेत.

रोम शहरात १९ ऑक्टोबरला शस्त्रशुद्धीचा सण असे. आपला दसराही त्याच सुमारास येतो. परंतु अर्थ नेमका उलट! हिवाळा जवळ आल्याने रोमन सैनिक तेव्हा शस्त्रे ठेवीत. पाऊस सरल्याने मराठा सैनिक ती उचलीत. सणाचा विधी श्रद्धेने ठरतो. त्याची वेळ मात्र आकाश आणि हवामान ठरवितात.