सशाचे घर

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. माळरानावर दिसणारा रानससा बीळ खणत नाही. तो गवतात दबून बसतो. हा वन्यप्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार करण्यास वा त्याला पकडण्यास बंदी आहे. घरोघरी पाळला जाणारा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळांचे जाळे खणतो, तापलेला दिवस त्या गारव्यात काढतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला चरायला बाहेर पडतो. पाळीव सशाच्या निवाऱ्याचा विचार या बिळापासूनच सुरू करावा लागतो.

दिल्लीत तो अधिकच निकडीचा ठरतो. मुलांच्या हट्टाखातर आणलेला ससा बहुधा तारेच्या पिंजऱ्यासह घरी येतो आणि तो पिंजरा नोएडा, गुरुग्राम किंवा द्वारकेतील सदनिकेच्या बाल्कनीत जाऊन बसतो. हिवाळ्यात यातले काही खटकत नाही, कारण कोरडी थंडी सशाला सोसते. त्याला बाधतो तो झोंबरा वारा आणि ओल. उन्हाळ्यात मात्र त्याच बाल्कनीची भट्टी होते. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग येथे ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. सशाला माणसासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. हवाच शरीरापेक्षा अधिक तापली, की हा मार्गही बंद होतो. साधारण १५ ते २० अंशांत तो सुखी असतो. तीस अंशांच्या पुढे त्याच्या जिवाला धोका संभवतो.

म्हणून त्याची जागा घराच्या आत, जमिनीलगत आणि सावलीच्या बाजूला असावी. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये कूलर उत्तम काम देतो. जुलैत पावसाने हवा दमट झाली की तोच कूलर गारवा देईनासा होतो, उलट ओल वाढवतो. अशा वेळी पंखा, उघडी फरशी आणि बर्फ झालेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवणे हे उपाय कामी येतात. ओल्या फडक्याने कान पुसावेत. सशाला पाण्यात बुडवू नये.

पिंजरा घ्यायचाच, तर त्यात सशाला तीन-चार उड्या सलग मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभे राहिल्यावर त्याचे कान छताला टेकू नयेत. तारेच्या तळाने पायांना जखमा होतात. त्यावर चटई किंवा जाड गवत अंथरावे. एका कोपऱ्यात दोन तोंडांचा लाकडी वा पुठ्ठ्याचा खोका ठेवावा. तेच त्याचे बीळ. दिवाळीत फटाके वाजू लागले, की ससा आपणहून त्यात शिरतो. रोज काही तास त्याला खोलीत मोकळे सोडावे. त्यापूर्वी विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात, कारण दिसेल ते कुरतडणे हा त्याचा स्वभावच आहे. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजण्यासाठी वाळलेले गवत सतत पुढ्यात लागते. चित्रातला ससा गाजर खातो. खऱ्या सशाला गाजराचा तुकडा अधूनमधून पुरे, त्याचा पाला अधिक बरा. महाराष्ट्रात जिला हरळी म्हणतात, ती दिल्लीकरांची दूब त्याला आवडते. पण रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली नको. स्वतःच्या मऊ लेंड्या तो खातो, त्याला अडवू नये. गवतातील सत्त्व त्याच्या अंगी लागते ते या दुसऱ्या खाण्यातूनच.

ससा क्वचितच ओरडतो. शिकारी प्राण्यांच्या भीतीने आजार लपवणे त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे कोपऱ्यात गप्प बसलेला ससा शहाणा वाटतो, पण तो आजारीही असू शकतो. खाणे दहा-बारा तास थांबले आणि लेंड्या दिसेनाशा झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे. नेताना कान धरून उचलू नये, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घ्यावा.