गोठलेल्या जमिनीवरचे गाव

विद्यार्थी मित्रांनो, नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात काळ्या जमिनीवर घर बांधताना तुम्ही पाहिले आहे का? काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. जमिनीचा स्वभाव ओळखला नाही, तर भिंतींना तडे जातात. चला, आज अशाच अवघड जमिनीवरचे एक दूरचे गाव मनाने पाहून येऊ.

त्या गावाचे नाव डॉसन सिटी. ते कॅनडाच्या वायव्य भागात, युकॉन आणि क्लोंडाइक या नद्यांच्या संगमावर आहे. १६ ऑगस्ट १८९६ रोजी जवळच्या एका ओढ्यात सोने सापडले. ही बातमी जगभर पसरली आणि सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून निघाली. त्यांतील बरेच जण वाटेतूनच परतले. तरीही १८९८ मध्ये डॉसनची वस्ती ३०,००० च्या आसपास गेली. पण उशिरा आलेल्यांच्या हाती काय लागणार? चांगल्या जागा आधीच गेल्या होत्या!

तेथे जमीन थोडी खणली, की खालची माती दगडासारखी गोठलेली लागते. ती उन्हाळ्यातही वितळत नाही. सोने काढण्यासाठी लोक जाळ करून ती वितळवत. घरांखाली मात्र तेच नकळत घडले. शेगडीची ऊब खाली उतरली, मातीतील बर्फ वितळला, जमीन खचली आणि घरे कलली. एकमेकींवर रेललेल्या जुन्या लाकडी इमारती आजही तेथे दिसतात. आता अनेक घरे जमिनीपासून उंच बांधतात. खालून थंड हवा खेळते आणि जमीन गोठलेलीच राहते.

या संगमावर ट्रोन्डेक ह्वेचिन हे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत होते. सोन्याच्या गर्दीमुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड येथे नेले. १८९९ मध्ये अलास्कात सोने मिळाल्याचे कळताच हजारो लोक डॉसन सोडून गेले. ट्रोन्डेक ह्वेचिन मात्र आजही तेथेच आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

मित्रांनो, पाया घालण्यापूर्वी जमीन ओळखावी. आणि त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांनाही विसरू नये.

शब्दार्थ : आकसणे – लहान होणे, कलणे – एका बाजूला झुकणे, खचणे – खाली बसणे.

स्वाध्याय
१. डॉसनमधील घरे का कलली?
२. तुमच्या गावातील जमीन कशी आहे? पाच ओळी लिहा.